सत्तावीस उल्लेख, पण माणसं किती? ‘शल्लूम’ या नोंदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बायबलच्या अभ्यासवर्गांसाठी एक छोटं संपादक मंडळ जुन्या करारातल्या व्यक्तींची मराठी नामसूची तयार करत होतं. अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या नोंदींना वेळ लागला तरी अडचण आली नाही. अडचण आली ती एकेका ओळीपुरत्या येणाऱ्या माणसांपाशी. हिब्रू शास्त्रात एकच नाव आठ-दहा जणांना असणं नेहमीचंच आहे, आणि अशा नोंदी घाईत उरकल्या की चुका फार काळ कुणाच्या लक्षात येत नाहीत, कारण ती पानं कुणी वाचत नाही.

‘शल्लूम’ हे त्यातलं एक नाव. हिब्रू पाठात ते २७ वेळा येतं. वचनं मात्र २६ आहेत, कारण १ इतिहास ९:१७ मध्ये ते दोनदा येतं. या २६ पैकी १० वचनं एकट्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकात आहेत, म्हणजे वंशावळी आणि याद्यांमध्ये. तिथे प्रसंग नसतो, संवाद नसतो, फक्त ‘अमक्याचा मुलगा तमका’ एवढंच असतं. नावाचं मूळ शीन-लामेद-मेम या तीन हिब्रू अक्षरांचा धातू. भरून देणं, परतफेड करणं, पूर्ण करणं हा त्याचा अर्थ. ‘शालोम’ हा शब्द याच मुळातला.

कच्च्या मसुद्यात या नावाखाली सात व्यक्ती होत्या. सोबत यिर्मया संदेष्ट्याच्या नातेवाइकांचा एक तक्ताही जोडला होता.

अडचण कुठे होती

चूक या तक्त्यातच सापडली. त्यात यिर्मयाचा बाप म्हणून मुख्य याजक हिल्कीया दाखवला होता, हिल्कीयाचा बाप म्हणून सादोकाचा मुलगा शल्लूम. हिल्कीयाच्या शेजारी त्याचा भाऊ दुसरा शल्लूम, आणि त्याची बायको हुल्दा संदेष्टी. म्हणजे हुल्दा ही यिर्मयाची चुलती ठरत होती.

मुद्रितं तपासणाऱ्याने एकच प्रश्न समासात लिहिला: हिल्कीयाच्या बापाचं नाव शल्लूम, मग त्याच्या सख्ख्या भावाच्या बापाचं नाव तिक्वा कसं? २ राजे २२:१४ मध्ये हुल्देचा नवरा स्पष्टपणे ‘तिक्वाचा मुलगा’ आहे. भाऊ दोन आणि बाप वेगवेगळे, तेही याजकांच्या घराण्यात.

मग तक्ता कसा तयार झाला याचा मागोवा घेतला. तीन ठिकाणी फक्त नाव जुळतं म्हणून माणसं एक केली गेली होती. यिर्मया १:१ मधला हिल्कीया आणि यहूदाचा राजा योशीया याच्या काळचा मुख्य याजक हिल्कीया हे एकच मानले. यिर्मया ३२:७ मधला चुलता शल्लूम आणि हुल्देचा नवरा शल्लूम हेही एकच मानले. आणि ‘चुलता’ म्हणजे बापाचा सख्खा भाऊच, हे गृहीत धरलं. प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर अशक्य नाही. तिन्ही एकावर एक रचल्या की मात्र एक असं कुटुंब उभं राहतं ज्याला शास्त्रात कुठेच आधार नाही. २ राजे २२:१४ प्रमाणे हिल्कीया इतर चौघांबरोबर हुल्देकडे जातो. तक्ता खरा असता तर तो आपल्या भावजयीकडे जात होता. पाठात तशी एका शब्दाचीही खूण नाही.

समोरचे पर्याय

मंडळासमोर तीन वाटा होत्या.

पहिली, प्रत्येक उल्लेख स्वतंत्र व्यक्ती मानायचा. असं केलं की चूक होण्याची भीती कमी, पण सूची निरुपयोगी होते. योशीयाचा मुलगा शल्लूम यिर्मयात एकदा आणि इतिहासात एकदा येतो. त्याला दोन नोंदी देणं म्हणजे वाचकाची फसवणूकच.

दुसरी, जिथे काळ आणि धंदा थोडाफार जुळतो तिथे एकत्र करायचं. जुन्या संदर्भग्रंथांतून ही सवय पुष्कळ दिसते आणि कच्चा मसुदा त्याच सवयीने लिहिला गेला होता.

तिसरी, आधी नियम ठरवायचा आणि मग माणसं मोजायची. ही वाट वेळखाऊ असूनही मंडळाने तीच धरली, आणि ते बरोबर केलं. नियम असा ठरला: बापाचं नाव, हुद्दा, ठिकाण किंवा वंश, आणि काळ या चार खुणांपैकी किमान दोन जुळल्या आणि एकही विरोधात गेली नाही, तरच दोन उल्लेख एकाच व्यक्तीचे मानायचे. नाव ही खूण धरायचीच नाही, कारण नावामुळेच तर प्रश्न उभा राहिला आहे.

मराठी माणसाला ही पद्धत परकी नाही. जुन्या मराठी कागदांत ‘अमका बिन तमका’ असं लिहीत, कारण गावात त्या नावाचे चार जण असत. हे ‘बिन’ अरबीतून आलेलं, आणि हिब्रूतलं ‘बेन’ हे त्याचं सख्खं भावंड. दोन्हीकडे बापाचं नाव याच कामासाठी आहे.

कामाची पद्धत

२७ उल्लेखांची २७ कार्डं केली. प्रत्येक कार्डावर वचन, हिब्रू अक्षरलेखन, बाप, मुलं, हुद्दा, वंश किंवा गाव, काळ, आणि शेवटी ‘विरोधी खूण’ असा एक रिकामा रकाना. हा शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी पडला. जुळणाऱ्या गोष्टी डोळे आपोआप शोधतात. न जुळणारी गोष्ट शोधायला सांगावं लागतं.

कार्डं आधी मराठी पाठावरून केली होती. ती पुन्हा करावी लागली. कारण नफतालीचा मुलगा १ इतिहास ७:१३ मध्ये शल्लूम आहे, पण उत्पत्ति ४६:२४ आणि गणना २६:४९ मध्ये तोच शिल्लेम आहे. हिब्रूत या दोन्हींची मूळ व्यंजनं एकच: शीन, लामेद, मेम. फरक स्वरांचा, आणि स्वरचिन्हं मासोरेती लेखनिकांनी, म्हणजे हिब्रू पाठ जपणाऱ्या ज्यू पंडितांनी, इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात लावली. मराठीत मात्र ‘शल्लूम’ आणि ‘शिल्लेम’ ही दोन पूर्ण वेगळी नावं दिसतात. संगणकावर शोध घेतला तर एक सापडतं, दुसरं सुटतं.

याच्या उलट नहेम्या ३:१५ मधला कोल-होजेचा मुलगा. मिस्पा प्रांताचा हा अधिकारी, झऱ्याची वेस बांधणारा. काही भाषांतरांत तो ‘शल्लूम’ छापलेला असतो, पण हिब्रूत शेवटी मेम नसून नून आहे: शल्लून. त्याला वेगळी नोंद दिली आणि शल्लूमखाली फक्त ‘पाहा’ एवढंच ठेवलं.

सोपी कार्डं

याबेशाचा मुलगा शल्लूम हा इस्राएलचा राजा. इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याला त्याने राजा जखऱ्याला मारलं, शोमरोनात एक महिना राज्य केलं आणि गादीचा मुलगा मनहेम याच्या हातून मेला. ‘गादी’ हे इथे माणसाचं नाव आहे, सिंहासन नव्हे. मराठी वाचक इथे हमखास अडखळतो म्हणून टीप दिली.

सिस्मायाचा मुलगा (१ इतिहास २:४०), शिमोन वंशातला शौलाचा मुलगा (४:२५), आणि एज्रा १०:४२ मधला परक्या बायका केलेल्यांच्या यादीतला शल्लूम हे तिघे सुटे राहिले. २ इतिहास २८:१२ मध्ये एफ्राइमचा एक प्रमुख यहिज्कीया हा ‘शल्लूमाचा मुलगा’ आहे आणि काळ आहाज राजाचा, म्हणजे महिनाभराच्या त्या राजानंतर फार वर्षांनी नव्हे. एका संपादकाला वाटलं, बाप तोच. जुळत होती फक्त काळाची खूण. नियमाप्रमाणे वेगळा.

योशीयाचा चौथा मुलगा

इथे खुणा भरपूर होत्या आणि एक विरोधी वाटणारीही. यिर्मया २२:११ सांगतं की योशीयाचा मुलगा शल्लूम बापाच्या जागी राजा झाला आणि या ठिकाणाहून गेला, परत येणार नाही. बापानंतर लगेच गादीवर बसून पकडून नेला गेलेला योशीयाचा मुलगा एकच: यहोआहाज. इ.स.पू. ६०९ मध्ये तीन महिने राज्य केल्यावर फारो नखो त्याला मिसरात घेऊन गेला. १ इतिहास ३:१५ मध्ये योशीयाची चार मुलं आहेत: योहानान, यहोयाकीम, सिद्कीया, शल्लूम. यहोआहाज तिथे नाही. तेव्हा शल्लूम हाच तो.

आक्षेप आला वयाचा. यादीत शल्लूम चौथा, म्हणजे सिद्कीयाहून धाकटा? २ राजे प्रमाणे यहोआहाज २३ वर्षांचा असताना राजा झाला. सिद्कीया राजा झाला तेव्हा २१ वर्षांचा होता, आणि तेही सुमारे ११ वर्षांनी. म्हणजे योशीया मेला तेव्हा सिद्कीया दहाच्या आसपास असणार. यादीतला क्रम वयाचा धरला तर गणित बसत नाही. मंडळाने ठरवलं की यादीतला क्रम ही वयाची खूण मानायची नाही. बाप, हुद्दा आणि काळ या तिन्ही जुळतात, तेव्हा ‘तोच’.

दोन नावं का, याचं उत्तर त्याच घरात आहे. त्याचा भाऊ एल्याकीम गादीवर आल्यावर यहोयाकीम झाला, मत्तन्या सिद्कीया झाला. शल्लूम हे घरचं नाव आणि यहोआहाज हे राजाचं, हा अंदाज त्यामुळे भक्कम आहे.

याच कार्डावर आणखी एक सापळा निघाला. यहोआहाजाची आई हमूटल ही ‘लिब्ना गावच्या यिर्मयाची’ मुलगी. संदेष्टा यिर्मया अनाथोथचा. हे दोघे वेगळे.

हुल्देचा नवरा आणि यिर्मयाचा चुलता

मूळ भांडण इथलं होतं. हुल्देचा नवरा: बाप तिक्वा, आजा हरहस, हुद्दा वस्त्रभांडाराचा अधिकारी, राहणं यरुशलेमच्या नव्या वस्तीत, काळ योशीयाचं अठरावं वर्ष, इ.स.पू. ६२२. यिर्मयाचा चुलता: बापाचं नाव नाही, हुद्दा नाही, शेत अनाथोथला, यरुशलेमपासून साधारण पाच किलोमीटरवर. ते शेत त्याचा मुलगा हनामेल याने १७ शेकेल चांदीला यिर्मयाला विकलं, सिद्कीयाच्या दहाव्या वर्षी. जुळणाऱ्या खुणा शून्य. काळही ढोबळपणेच लागतो, कारण विकणारा चुलता नसून त्याचा मुलगा आहे.

शिवाय दुसऱ्या कार्डात भाषेचीही अडचण होती. यिर्मया ३२:८ आणि ९ मध्ये हनामेल ‘माझ्या चुलत्याचा मुलगा’ आहे, पण १२व्या वचनाच्या हिब्रू पाठात ‘मुलगा’ हा शब्द नाही. तिथे तो थेट ‘माझा चुलता’ आहे. ग्रीक भाषांतरात ‘मुलगा’ शब्द आहे, म्हणून बहुतेक भाषांतरकार तो घेतात. चुलता शल्लूम की हनामेल, असाच प्रश्न जिथे निघू शकतो तिथे त्यावर पुढची वंशावळ उभी करायची नाही, असं ठरलं.

मुख्य याजक हिल्कीयालाही यिर्मयाच्या बापापासून वेगळं काढलं. हिल्कीया सादोकाच्या वंशातला. अनाथोथ हे गाव मात्र शलमोनाने सादोकाहून वेगळ्या घराण्यातल्या अब्याथार याजकाला पाठवलं ते (१ राजे २:२६), आणि यिर्मया ‘अनाथोथातल्या याजकांपैकी’ आहे. हा पक्का पुरावा नव्हे, पण विरोधी रकान्यात लिहावा एवढा वजनदार नक्कीच आहे.

एका सदस्याने हरकत घेतली की हुल्दा आणि यिर्मया नातेवाईक असल्याचं परंपरेत आहे. हरकत खरी होती. बाबिलोनी तालमुद या ज्यू ग्रंथात, मगिल्ला १४ब मध्ये, हुल्दा यिर्मयाची नातलग होती म्हणून तिने संदेश दिला तरी त्याला राग आला नाही, असं म्हटलं आहे. तिथेच तिक्वा या नावाचा संबंध यरीहोत हेरांना लपवणाऱ्या राहाबेच्या खिडकीतल्या किरमिजी दोरीशी जोडला आहे. ‘तिक्वा’ म्हणजे आशा, आणि यहोशवा २ मध्ये दोरीलाही तोच शब्द आहे. ही सुंदर जोडणी काढून टाकायची नाही, पण वंशावळीच्या तक्त्यात घालायची नाही, यावर एकमत झालं. नोंदीखाली ‘परंपरा’ असा वेगळा परिच्छेद दिला.

द्वारपालांचा गुंता

नियम मोडला तो इथे. या कार्डांना सर्वांत जास्त वेळ गेला.

१ इतिहास ९:१९ मध्ये शल्लूम हा कोरेचा मुलगा, कोरहाच्या घराण्यातला, द्वारपालांचा प्रमुख, पूर्वेच्या राजवेशीवर. १ इतिहास २६:१ मध्ये मशेलेम्या हाही कोरेचा मुलगा, कोरहाच्या घराण्यातला द्वारपाल, आणि २६:१४ मध्ये पूर्वेची चिठ्ठी शेलेम्याला निघते. नाव त्याच धातूचं. बाप जुळतो, हुद्दा जुळतो, दारसुद्धा तेच. दोन खुणांचा नियम लावला तर हे एकच माणूस.

पण विरोधी रकाना भरलेला होता. २६वा अध्याय दावीदाच्या काळचा आहे, ९वा बाबेलच्या बंदिवासानंतर यरुशलेमात परत राहायला आलेल्यांचा. मध्ये चारशेहून अधिक वर्षं. मशेलेम्याचा थोरला मुलगा जखऱ्या, शल्लूमाचा थोरला मत्तिथ्या (९:३१). आणि एज्रा २:४२ मध्ये तर ‘शल्लूमाचे वंशज’ असा गटच येतो. आटेर, तल्मोन, अक्कूब, हटीटा, शोबाय यांच्या वंशजांसह तिथे द्वारपाल १३९ आहेत, नहेम्या ७:४५ मध्ये १३८.

उलगडा नहेम्याच्या पुढच्या याद्यांतून झाला. ११:१९ मध्ये द्वारपाल अक्कूब आणि तल्मोन, एकूण १७२, शल्लूम गायब. १२:२५ मध्ये तल्मोन आणि अक्कूब यांच्या शेजारी मशुल्लाम. म्हणजे अक्कूब, तल्मोन, शल्लूम ही नावं पिढ्यान्‌पिढ्या दारापाशी एकत्र उभी आहेत. ही माणसं नव्हेत, घराणी आहेत. एखाद्या देवळाच्या जुन्या वहीत ‘गुरव’ किंवा ‘जोशी’ असं लिहिलं असलं की तिथे एक मनुष्य न शोधता घर शोधावं, तसं.

मंडळाने इथे ‘व्यक्ती’च्या जोडीला ‘घराणं’ असा नवा प्रकार सुरू केला. शल्लूम, मशुल्लाम, मशेलेम्या, शेलेम्या ही एका घराण्याच्या नावाची रूपं म्हणून एकत्र आली, आणि मशेलेम्याला दावीदकालीन व्यक्ती म्हणून स्वतंत्र नोंद राहिली. एज्रा १०:२४ मधला द्वारपाल शल्लूम मात्र व्यक्ती धरला, कारण ती यादी एकेका नवऱ्याची आहे. यिर्मया ३५:४ मधला ‘उंबरठ्याचा राखणदार’ मासेया हा शल्लूमाचा मुलगा. त्याचं कार्ड घराण्यात टाकावं का, यावर मत पडलं नाही. ते वेगळं ठेवून ‘बहुधा’ असा शेरा दिला.

मशुल्लाम या रूपामुळे सादोकाच्या मुलाचंही काम झालं. १ इतिहास ६:१२ आणि एज्रा ७:२ मध्ये तो शल्लूम (हिब्रू प्रतीत इतिहासातलं तेच वचन ५:३८), तर १ इतिहास ९:११ आणि नहेम्या ११:११ मध्ये हिल्कीयाचा बाप आणि सादोकाचा मुलगा मशुल्लाम. बाप आणि मुलगा दोन्ही जुळतात, तेव्हा ‘तोच’. याच वंशावळीत अमऱ्या, अहीटूब, सादोक ही तीन नावं त्याच क्रमाने दोनदा येतात (६:७-८ आणि ६:११-१२), म्हणून कार्डावर ‘दुसरा सादोक’ असं ठळक लिहिलं. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या घरांत हे होणारच, आणि नक्कल करणाऱ्याचा डोळा अशाच ठिकाणी घसरतो.

निष्पत्ती

अंतिम नोंदीत १३ व्यक्ती आणि १ घराणं आहे. तक्ता काढून टाकला. प्रत्येक शल्लूमला क्रमांकाऐवजी ओळख दिली: ‘शल्लूम, याबेशाचा मुलगा’, ‘शल्लूम, हुल्देचा नवरा’. ‘शल्लूम ४’ असं लिहिलं असतं तर एक नोंद वाढताच पुढचे सगळे आकडे बदलले असते. जुळणीला तीनच शेरे ठेवले: तोच, बहुधा, वेगळा.

या कामातून एक माणूस नव्याने उजेडात आला. नहेम्या ३:१२ मधला हल्लोहेशाचा मुलगा शल्लूम, यरुशलेमच्या अर्ध्या प्रांताचा अधिकारी. कोट बांधताना तो ‘आणि त्याच्या मुली’ काम करत होत्या. कच्च्या मसुद्यात त्याचं फक्त नाव होतं, मुली गळल्या होत्या. काही अभ्यासक इथे ‘मुली’ म्हणजे आसपासची खेडी असा अर्थ लावतात, कारण हिब्रूत गावाच्या वस्त्यांनाही तो शब्द वापरतात. पण त्या यादीत बांधणारी माणसंच सांगितली आहेत, आणि इथे सरळ अर्थ घेणंच योग्य, असं मंडळाने लिहिलं.

काय वेगळं करता आलं असतं

कार्डं पहिल्याच दिवशी हिब्रू धातूप्रमाणे लावायला हवी होती. मराठी अक्षरांप्रमाणे लावल्यामुळे शिल्लेम, मशुल्लाम, मशेलेम्या वेगवेगळ्या ढिगांत गेले आणि द्वारपालांचा प्रश्न शेवटी सुटला, जो सुरुवातीला सुटू शकत होता. ‘घराणं’ हा प्रकार एज्रा २ वाचतानाच सुचायला हवा होता. त्या अध्यायात याद्या मुख्यतः घराण्यांच्याच आहेत. आणि तक्ता नोंदीच्या आधी काढायला नको होता. रेघ ओढली की ती खरी वाटू लागते, मग पुरावा तिच्यामागे धावतो.

मंडळाने आता मशुल्लामची नोंद हातात घेतली आहे. २ राजे २२:३ मध्ये शाफान चिटणिसाच्या आजाचं नाव मशुल्लाम आहे, आणि शाफान हा हिल्कीयाचा समकालीन. हिल्कीयाच्या बापाचंही ते नाव. त्या कार्डाचा विरोधी रकाना सर्वांत आधी भरला आहे: शाफानाच्या आजाचा मुलगा ‘असल्या’ नावाचा, हिल्कीयाच्या बापाचा मुलगा हिल्कीया. हुद्दे वेगळे, एक चिटणिसाच्या घरातला, दुसरा याजकांच्या. नहेम्या १२:२५ चं कार्ड मात्र सध्या शल्लूम आणि मशुल्लाम या दोन्ही ढिगांत आहे.